अणुवाले गावडे सर

शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी एका उंच, सावळ्या माणसाने माझ्यासमोर चहाची कपबशी ठेवली आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या बाजूच्या?"

मला वाटलं, झालं! आल्या आल्या गावच्या राजकारणात ओढतायत. मी सावधपणे म्हटलं, "मी कुठल्याच बाजूची नाही. मी मराठी शिकवते."

"ते शिकवा की. पण वीज कशावर करावी म्हंता? अणूवर, का ऊन-वाऱ्यावर?"

मी शिरूरात वाढलेली. वीज बटणातून येते एवढंच माझं ज्ञान, आणि मी ते जसंच्या तसं सांगून टाकलं. त्यावर हा गृहस्थ इतका खूश झाला की त्याने आपल्या बशीतलं बिस्कीट उचलून माझ्या बशीत ठेवलं. "म्हंजी पाटी कोरी हाय. लई बरं झालं."

हे गावडे सर. विज्ञान शिकवायचे. आमची शाळा मांडवगण फराट्याच्या रस्त्यावर, भीमेच्या अलीकडच्या अंगाला. गाव उसाचं आणि कांद्याचं. सर मूळचे नदीपलीकडचे, दौंड तालुक्यातले, पण नोकरीमुळे गावातच दोन खोल्या घेऊन राहिलेले. गावात दुसरेही एक गावडे होते, म्हणून ओळख पटवायला लोक यांना 'अणुवाले गावडे' म्हणत. सरांना ते अजिबात लागत नसे. उलट त्यांनी आपल्या लुनाच्या पुढच्या मडगार्डवर ऑइलपेंटने अणूचं चित्र काढून घेतलं होतं. मधोमध केशरी गोळा आणि त्याच्याभोवती तीन लंबुळकी कडी. दसऱ्याला गाड्या पुजतात तेव्हा त्यांच्या मंडळी नेमक्या त्या केशरी गोळ्यावर हळदकुंकू लावत. देव कुठलाही असो, मध्यभागी लावायचं, एवढा साधा हिशेब.

वीज कशावरही करा, सरांची परीक्षा एकच असे. कुणी पवनचक्की म्हणो, कुणी गोबरगॅस म्हणो, सर मान तिरकी करून विचारायचे, "त्याच्यावर गिरणी चालती का?" गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. दिवा लागणं ही त्यांच्या मते वीज नव्हेच. दळण झालं पाहिजे, विहिरीवरची मोटार उचलली पाहिजे, रेल्वे ओढली पाहिजे. रेल्वे हा तर त्यांचा दुखरा भाग. मुंबईहून विजेवर आलेली गाडी पुण्याला थांबायची आणि तिथून दौंडकडे डिझेलच्या इंजिनावर निघायची. "पुण्यापर्यंत वीज आन् पुढं धूर! पुण्याच्या पुढं माणसं राहात न्हाईत का?" हे ते स्टाफरूममध्ये असं विचारत की जणू रेल्वेमंत्री आमच्यातच कुठेतरी डबा खात बसलेत.

मी आले त्याच वर्षी पोखरणच्या चाचण्या झाल्या होत्या. लोकांनी साहजिकच सरांना गाठून पेढे मागितले. सर इतके चिडले की विचारू नका. "मी चूल पेटवा म्हणतोय, आन् तुम्ही घर पेटल्याव टाळ्या वाजवताय," म्हणाले आणि लुनाला किक मारून निघून गेले. पेढे कुणालाच मिळाले नाहीत. अणू म्हटलं की बॉम्ब, हे समीकरण त्यांना जन्मभर छळत राहिलं. सालस भावाचं नाव त्याच्या दांडग्या भावामुळे खराब व्हावं, तसं त्यांचं झालं होतं.

आता त्यांच्या विरोधी पक्षाकडे वळते. तो पक्ष म्हणजे रंगनाथ आबा. बागायतदार, माजी सरपंच, शाळा समितीचे अध्यक्ष आणि परसात गोबरगॅस बांधलेलं गावातलं पहिलं घर. आबांना ऊन, वारा आणि शेण या तिन्हींबद्दल घरच्या माणसांसारखी माया. फुकट मिळणारी गोष्ट वाया जाते हे त्यांना बघवतच नसे. सर रोज शाळा सुटली की आबांच्या ओट्यावर जाऊन गोबरगॅसवरचा चहा पीत आणि पिता पिताच गोबरगॅसची निंदा करत. आबांची सून तिसरा कप भरत म्हणायची, "सर, एवढं वाईट हाय तर पिताय कशाला?" सर म्हणायचे, "चहाबद्दल माझी तक्रारच न्हाई. पण याच्यावर गिरणी चालती का?"

सरांनी वर्गात साखळी प्रक्रिया शिकवली ती मात्र सगळ्या गावाने पाहिली. पुस्तकातली आकृती त्यांना पसंत नव्हती. धनगराच्या घरात जन्मलेले, त्यामुळे त्यांना सगळं जग मेंढरांच्या कळपात दिसे. त्यांनी नववीची सगळी पोरं मैदानावर दाटीवाटीने उभी केली. सांगितलं, प्रत्येकाला धक्का लागला की त्याने पळत जाऊन आणखी दोघांना धक्का द्यायचा. दोन दांडग्या पोरांना पांढऱ्या टोप्या घालून 'कुत्री' केलं. कळप उधळला की आवरायचं काम त्यांचं. मग सरांनी स्वतःच्या हाताने पहिल्या पोराला हलकेच ढकललं.

पुढे काय झालं ते नीट कुणालाच दिसलं नाही, कारण धूळ फार उडाली. पोरं मैदानातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून आठवीच्या वर्गात शिरली आणि आठवीही उधळली. हेडमास्तरांची सायकल आडवी झाली. शिपायाने घाबरून शाळा सुटल्याची घंटा दिली, त्यामुळे उरलेली शाळाही बाहेर आली. पांढऱ्या टोपीवाली दोन्ही कुत्री कळपात मिसळून सगळ्यांत पुढे पळत होती.

आबा कुंपणापाशी उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "सर, हितं शाळेतलं आवरंना, आन् तिकडं खरंखुरं आवरणार म्हंता?"

सरांनी चष्म्यावरची धूळ पुसली. "आबा, रशियात अणुभट्टी उडाली ती अशीच. मी लपवत न्हाई. राखणदार बरा नसला की कळप उधळणारच. म्हणून काय मेंढरं ठेवायचीच न्हाईत का?" मग मागे वळून त्यांनी पोरांना विचारलं, "काय शिकलात?" पोरं एका सुरात ओरडली, "कुत्री वाढवा!" त्या उत्तराला सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

या माणसाचं हे वेड कुठून आलं, ते मला त्यांच्या घरी कळलं. त्यांचे वडील, आप्पा, त्यांच्याजवळच राहायचे. आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. घरात पंखा असूनही घोंगडी घेऊन अंगणातच झोपायचे. सर आप्पांनाही अणू समजावून सांगत, आणि आप्पा मन लावून ऐकत. मी गेले त्या दिवशी आप्पांनी विचारलं, "पावसाळ्यात कुठं जातो रं त्यो?"

"कुठं जात न्हाई आप्पा. बारा महिने जागेवर असतो."

"जागेवर?" आप्पांना ते फारच नवल वाटलं. "मंग खातो काय?"

"लई कमी खातो. मूठभर."

"आन् लेंड्या?"

मला कळेना, म्हणून आप्पांनीच समजावलं. मेंढरं रानात बसवली की लेंड्यांचं खत पडतं, त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य देतो, हाताला धरून रानात नेतो. "ह्याच्या अणूच्या लेंड्या कुणी रानात घेतो का, इचारा की बाई."

सरांनी मान डोलावली. मग म्हणाले, "कुणी घेत न्हाई, आप्पा. त्या सांभाळाव्या लागत्यात. लई वर्षं. त्याचं धड उत्तर मलाबी अजून मिळालेलं न्हाई." मला सरांबद्दल खरा आदर वाटला तो त्या क्षणी. वाद घालणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण आपल्याच बाजूचं भोक दुसऱ्याला दाखवणारा हा एकच.

निघताना सर मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले तेव्हा आपणहून म्हणाले, "बाई, आमच्या तीन पिढ्या उन्हावाऱ्याच्या मागं फिरल्या. पाऊस हाय तिकडं चला, चारा हाय तिकडं चला. माझी आई रस्त्यावर बाळंत झाली. म्या शाळा शिकलो ती मामाकडं राहून. ऊन-वारा लई चांगला असंल, पण त्यो आपलं ऐकत न्हाई, आपल्याला त्याचं ऐकावं लागतं. मला अशी वीज पाहिजे, जी एका जागी बसंल आन् माणसालाबी एका जागी बसू दील." त्यानंतर मी सरांना अणूवरून चिडवलं नाही असं नाही, पण चिडवताना जरा बेतानं चिडवलं.

मग लोडशेडिंगची ती वर्षं आली. दिवेलागणीला वीज जायची ती गाव झोपल्यावर यायची. सर दहावीच्या मुलींचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग शाळेच्या व्हरांड्यात घेत. पैसे घेत नसत. फक्त मुलींचाच का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "पोरं नापास झाली तर परत बसत्यात. पोरगी नापास झाली की मांडवात बसती." हे अगदी खरं होतं. आमच्याकडे दहावीचा निकाल आणि लग्नसराईची बोलणी एकाच सुमारास निघत. रॉकेलच्या कंदिलांवर कसाबसा वर्ग चालायचा. डोळे चुरचुरायचे, वह्यांना वास यायचा.

अशात आबांनी तालुक्याला खेटे घालून सौरदिव्यांची योजना गावात आणली. एक दिवा थेट शाळेच्या व्हरांड्यासमोर. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले. विरोधात एकच हात. तुम्हाला माहीतच आहे कुणाचा.

"आज ह्यो दिवा घेतला," सर उभे राहून म्हणाले, "की उद्या वरचे म्हणतील, ह्यांचं भागतंय. मग खरी वीज कवाच द्यायची न्हाईत. गरिबाला दिवा आन् शहराला गिरणी, असं चालणार हाय का?"

मला विचाराल तर मुद्दा बिनतोड होता. पण आबा म्हणाले, "सर, तुमचा अणू येईल तवा येईल. तवर पोरींनी काय अंधारात बसायचं का?" सभा हसली आणि ठराव मंजूर झाला. सर त्या दिवशी चहाला गेले नाहीत.

दिवा बसवायला पुण्याहून एक फिटर आला. बिहारकडचा पोरगेला माणूस. त्याने खांब रोवला, ऊन झेलणारी प्लेट घेऊन वर चढला आणि म्हणाला, "प्लेट का मुँह दक्खिन में रहेगा."

खाली जमलेली जाणती मंडळी एकदम चपापली. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आमच्याकडे दक्षिणेला तोंड करून कुणी जेवत नाही, दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही, दार तर काढतच नाहीत. आणि हा नवा कोरा दिवा, तोही शाळेत, दक्षिणेला तोंड करून? गोबरगॅस बांधणारे पुढारलेले आबासुद्धा म्हणाले, "नको रं बाबा. पूर्वेला कर. उगवत्या सूर्याकडं बघू दे त्याला." फिटरने दोनदा नाही म्हणून पाहिलं, पण त्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्याने प्लेट पूर्वेला फिरवली, आबांनी नारळ फोडला, आणि सगळे प्रसादाची शेरणी खात घरी गेले. सर नेमके त्या दिवशी बोर्डाच्या कामाला पुण्याला गेलेले.

पहिले चार दिवस दिवा झकास लागला. फिटरने बॅटरी भरून आणली होती ना! मग थंडी वाढली, दिवस आखडले आणि दिवा लागल्यावर घटकाभरात पिवळा पडून विझू लागला. वर्ग अर्ध्यावर मोडायचा. कंदील तर आता घरोघरी माळ्यावर गेलेले. लोक सरांना येऊन म्हणू लागले, "सर, तुमचंच खरं. ऊन काय कामाचं न्हाई."

सरांनी हे दोन दिवस मनापासून उपभोगलं, मी साक्षीदार आहे. स्टाफरूममध्ये चक्क शीळ घातली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते मैदानात एकटेच काठी रोवून तिच्या सावलीकडे बघत उभे दिसले. मग खांबाकडे पाहिलं. शीळ थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तोंड चुकलंय, बाई. थंडीचा सूर्य दक्षिणेकडनं खालनं जातो. ह्याला नुसतं सकाळचं धुक्यातलं ऊन मिळतंय. दुपारनंतर ह्यो सूर्याकडं पाठ करून बसतोय."

"मग सांगा की आबांना."

त्यांनी काठी उपटून हातात घेतली. मग म्हणाले, "सांगितलं की दिवा चालणार. दिवा चालला की मी आयुष्यभर जे बोललो ते..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एका प्लेटीवरून माणसाने स्वतःला एवढं पिळावं का? पण ज्याचं वेड त्यालाच माहीत.

त्याच दुपारी सुरेखाचे वडील शाळेत आले. सुरेखा गणितात हुशार, वस्ती गावापासून लांब, उसातून वाट. टोपी काढून म्हणाले, "सर, उद्यापासनं पोरगी यायची न्हाई. दिवा मधीच जातो. अंधारात उसातनं तिला आणायची म्हंजी जिवाला घोर. तसंबी एक स्थळ आलंय."

सर उठले. पुढचा तास कुणाचा आहे हेही त्यांनी पाहिलं नाही. त्या गृहस्थांचा हात धरून सरळ मारुतीच्या देवळाकडे निघाले. तिथल्या पारावर भर दुपारी सगळी जाणती मंडळी बसलेली असते. काहीतरी घडणार हे कळून मीही मागोमाग गेले. माझ्या वर्गाने तेवढा वेळ काय केलं, ते हेडमास्तरांनी मला नंतर सांगितलंच.

पारावर आबा होतेच. सर धापा टाकत म्हणाले, "आबा, दिव्याचं तोंड दक्षिणेला करा. रोज लागंल. माझी गॅरंटी."

आबा बघतच राहिले. "तुमची गॅरंटी? सूर्याची?"

"व्हय. सूर्याची."

एक म्हातारे म्हणाले, "पर सर, दक्षिण ती दक्षिण. यमाचं तोंड बघायचं का शाळेनं?"

सरांनी पुस्तक काढलं नाही, सावली-काठी काढली नाही, पृथ्वीचा आस काढला नाही. त्यांनी नुसता देवळाच्या गाभाऱ्याकडे हात केला. "ह्यो आपला मारुती कुठं तोंड करून उभा हाय?"

जन्मापासून रोज ज्याला नमस्कार केला त्या मारुतीची दिशा सगळेजण मनातल्या मनात मोजू लागले. दक्षिणमुखी! लांबून लांबून लोक शनिवारी त्याला तेल वाहायला यायचे ते त्याचसाठी.

"त्याला यमानं आजवर काय केलं?" सर म्हणाले. "उलट त्यो यमाकडं डोळं वटारून बघतोय, म्हणून आपण हितं निवांत बसलोय. दिव्यालाबी मारुतीच्या शेजारी उभा करा. दोघं मिळून बघतील."

आबा पहिल्यांदा हसले. मग सगळा पार हसला. म्हातारे म्हणाले, "च्यायला, व्हय की!" तासाभरात शाळेसमोर शिडी लागली. सर स्वतः वर चढले, प्लेट फिरवली आणि खाली वाकवून नीट बेतली. सुरेखाच्या वडिलांना त्यांनी खाली एवढंच सांगितलं, "चार दिवस द्या मला. दिवा गेला तर तुमची पोरगी तुमची. न्हाई गेला तर माझी." त्यांनी दिले. दोन दिवस चांगली उन्हं पडली आणि तिसऱ्या संध्याकाळी वर्ग पुरा होऊन मुली घरी गेल्या तरी दिवा जळतच होता. सर त्याच्याखाली उभे राहून त्याच्याकडे असे बघत होते, जणू वर्गातल्या सगळ्यांत द्वाड पोराने बोर्डात नंबर काढलाय.

त्या वर्षी वर्गातली एक सोडून सगळ्या मुली पास झाल्या, आणि ती एकही ऑक्टोबरच्या परीक्षेत निघाली. सुरेखा दौंडच्या कॉलेजात गेली. ते स्थळ दुसऱ्या कुणाच्या तरी दारी गेलं.

यानंतर सरांची बदललेली मतं ऐकायला गाव टपून बसलं होतं. "सर, पार्टी बदलली म्हंजी?" सर म्हणायचे, "दिवा सरळ केला म्हंजी मत वाकडं झालं न्हाई." पुढच्या ग्रामसभेत आणखी सौरदिव्यांचा ठराव आला तेव्हा विरोधात पुन्हा एकच हात वर झाला. ठराव मंजूर झाल्यावर तोच हात पुन्हा वर करून सरांनी विचारलं, "तोंड कुठं करणार हाय, ते आधी सांगा." अणुकराराची चर्चा टीव्हीवर रंगली तेव्हा आबांनी त्यांना मुद्दाम ओट्यावर बोलावून गावासमोर सगळं समजावून सांगायला लावलं. शेवटी आबा म्हणाले, "पटलं न्हाई, पण कळलं." सरांना तेवढंही पुष्कळ झालं.

मग माझी शिरूरच्या शाळेत बदली झाली आणि गाव सुटलं. दोन-तीन वर्षांनी एका लग्नासाठी दौंडला निघाले होते. जीप गावातून जाताना शाळेपाशी हळू झाली, कारण रस्त्यात उसाची बैलगाडी आडवी होती. उन्हं कलली होती. गुऱ्हाळांचा हंगाम, सगळ्या गावावर काजळी बसलेली. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर यंदाच्या दहावीच्या मुली दप्तरं मांडीवर घेऊन वर बघत बसल्या होत्या. वर शिडीच्या टोकाला गावडे सर, केस पांढरे झालेले, ओल्या फडक्याने प्लेट पुसत होते. खाली शिडी धरून आबा, त्यांच्याहून म्हातारे. दोघांचा आवाज जीपपर्यंत येत होता.

"एका काजळीनं जिचं तोंड काळं होतं, ती काय वीज हाय का आबा? काय बोलताय!"

"सर, गप पुसा. लई बोलाल तर शिडी सोडीन बघा."

"सोडा की! मी पडलो तर उद्या ह्ये पुसायला येणार कोण? तुमचा सूर्य?"

मुली खिदळल्या. मी हाक मारणार तेवढ्यात बैलगाडी बाजूला झाली आणि जीप निघाली. वळणापर्यंत मी मागे वळून बघत होते. सरांचं तोंड चालूच होतं, आणि हातही.